काच मंदिरातला भोवरा आणि वू बाई

फेब्रुवारी लागला की इंदूरच्या स्टेशनरीच्या दुकानांत चार्ट पेपर मिळेनासा होतो. ११ तारखेला विज्ञानातल्या मुली आणि स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस, २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन. आमच्या वरच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी यंदा असाच एक चार्ट घेऊन खाली आली. मधोमध मेरी क्युरी, ती असतेच. कोपऱ्यात केस मागे बांधलेली एक चिनी बाई आणि खाली स्केचपेनने लिहिलेलं : 'चिएन-शिउंग वू, चीनची मेरी क्युरी. पॅरिटीचा नियम मोडला.'

"काकू, नियम मोडला म्हणजे काय केलं हिने? आणि पॅरिटी म्हणजे काय?"

शाळेत विचारलं तर 'सिलॅबसमध्ये नाही' असं उत्तर मिळालं होतं. मी तीस वर्षं पोरांना फिजिक्स शिकवलं. एम.एस्सी.ला पॅरिटीवरचा प्रश्न सोडवून मार्कही मिळवले. पण त्या दिवशी तिला दोन मिनिटांत सांगायला गेले आणि अडखळले. पाठ असणं वेगळं आणि समजलेलं असणं वेगळं, हे साठी उलटल्यावर पुन्हा कळलं. शेवटी दोन रविवार लागले. जे सांगितलं ते जवळपास तसंच इथे लिहिते आहे.

आधी आरसा

पहिल्या रविवारी तिला घेऊन काच मंदिरात गेले. राजवाड्यापासून चालत जाण्यासारखं, इतवारिया बाजारात. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर इंदूरकरांना नवीन नाही, पण ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : भिंती, खांब, छत, सगळीकडे काच. समोरासमोरच्या आरशांमुळे एकाच मूर्तीच्या प्रतिमांची रांगच लागते.

तिला म्हटलं, "समज, या आरशातलं जग खरं आहे. तिथेही माणसं आहेत, दुकानं आहेत. आरशातली जलेबी कशी दिसेल?" (पुण्याच्या वाचकांनी जिलबी वाचावं.) आपल्याकडचा हलवाई उजव्या हाताने, समजा घड्याळाच्या दिशेने वेटोळं टाकतो. आरशात तो डावखुरा दिसेल आणि वेटोळं उलट फिरेल. पण म्हणून ती जलेबी अशक्य झाली का? नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत एखादा डावखुरा कारागीर खरोखरच तशी जलेबी पाडू शकेल. मैदा तोच, तूप तेच, पाक तोच, चवही तीच.

म्हणजे आरशात दिसलेली गोष्ट आपल्या जगातही करून दाखवता येते आणि ती त्याच नियमांनी चालते. निसर्गाला डावं-उजवं यांत आवड-निवड नाही, ही जी समजूत, तिला भौतिकशास्त्रात पॅरिटीचा नियम म्हणतात. मी यापुढे 'आरशाचा नियम' असंच म्हणेन.

या नियमावर शंका घ्यायला कारण नव्हतं. गुरुत्वाकर्षण तो पाळतं. वीज आणि चुंबकत्वही पाळतं. आपल्याकडे कॅटमध्ये (नाव बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, तरी इंदूरच्या तोंडी कॅटच) इंडस-२ नावाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटरच्या घेरात गरगरत असतात. त्या सगळ्या यंत्राची आरशातल्यासारखी उलटी प्रतिकृती बांधली, तर तीही तितकीच बिनतक्रार चालेल. तेव्हा १९५६पर्यंत बहुतेक सगळे भौतिकशास्त्रज्ञ हा नियम गृहीत धरून चालले होते, तर त्यात त्यांचा फार दोष नाही.

आता भोवरा

इथून पुढे जरा सावकाश वाचा. सगळी गंमत एवढ्यातच आहे.

एक भोवरा जमिनीवर फिरतो आहे. वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. उजव्या हाताची चार बोटं तो फिरतोय त्या दिशेला वळवा. अंगठा कुठे आला? वर. आता भिंतीवरच्या आरशात पाहा. आरशातला भोवरा घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसेल. तीच उजव्या हाताची युक्ती केली की अंगठा खाली येतो. भोवरा मात्र दोन्हीकडे उभाच आहे. डोकं वर, आर खाली.

समजा, हा भोवरा फिरता फिरता बारीक खडे उडवतो आहे आणि जास्त खडे खाली, जमिनीकडे जातात. आरशात? खडे तिथेही खालीच जाताना दिसतील, कारण भिंतीवरचा आरसा वरचं खाली करत नाही. पण अंगठा उलटला आहे. म्हणजे आपल्याकडे खडे अंगठ्याच्या विरुद्ध जातात आणि आरशात अंगठ्याच्याच दिशेने. दोन वेगळे नियम झाले. आरशाचा नियम खरा असेल, तर भोवऱ्याला असं करायची परवानगी नाही. त्याने खडे वर-खाली सारखेच उडवायला हवेत.

मुलगी काच मंदिराच्या बाहेर, चपलांच्या रॅकपाशी उभी राहून बराच वेळ उजवा अंगठा वर-खाली करत होती. चपला सांभाळणाऱ्या काकांना वाटलं, ती लिफ्ट मागतेय.

भोवरा कोणता आणि खडे कोणते

भोवरा म्हणजे अणूच्या मधला गाभा, केंद्रक. आणि खडे म्हणजे इलेक्ट्रॉन.

काही अणूंचं केंद्रक अस्वस्थ असतं. कधीतरी त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन (बरोबर एक जवळपास वजनहीन कण) बाहेर फेकला जातो. याला बीटा ऱ्हास म्हणतात. तो घडवणाऱ्या बलाला क्षीण बल म्हणतात, कारण केंद्रक बांधून ठेवणाऱ्या बलापुढे ते फारच दुबळं आहे. कोबाल्ट-६० हे असंच एक केंद्रक. घरात कुणाला कॅन्सर होऊन गेला असेल तर 'कोबाल्टचे शेक' हा शब्द ऐकला असेल, तोच हा. इलेक्ट्रॉन फेकून त्याचं निकेल होतं आणि मागोमाग गॅमा किरण बाहेर पडतात. शेक त्या गॅमा किरणांचे. आपल्याला मात्र इथे इलेक्ट्रॉनशी काम आहे.

बाई होत्या कोण

चिनी पद्धतीने आडनाव आधी : वू चिएन-शिउंग. विद्यार्थी 'मादाम वू' म्हणत. मला आपलं 'वू बाई' जवळचं वाटतं.

३१ मे १९१२ रोजी शांघायजवळच्या लिऊह गावात जन्म. वडील इंजिनिअर आणि सुधारक. मुलींसाठी शाळा नाही म्हणून त्यांनी स्वतःच काढली. आई शिक्षिका. दारोदार जाऊन 'तुमच्या मुलीला शाळेत पाठवा' म्हणून सांगायची. आपल्याकडच्या त्याच काळातल्या कितीतरी घरांची आठवण होते. अकराव्या वर्षी मुलगी घर सोडून सूचौला गेली. तिथे शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गाला फी नव्हती, म्हणून तो घेतला. पण त्यात विज्ञान कमी. मग शेजारच्या वर्गातल्या मुलींकडून गणित-विज्ञानाची पुस्तकं मागून आणायची आणि रात्री बसून वाचायची. नानकिंगच्या विद्यापीठात आधी गणित घेतलं, मग भौतिकशास्त्र.

१९३६ साली बोटीने अमेरिकेला गेल्या. प्रवेश मिशिगनचा होता. वाटेत कॅलिफोर्नियात कळलं की तिकडे विद्यार्थ्यांच्या नव्या इमारतीत मुलींना पुढच्या दाराने येऊ देत नाहीत. त्या बर्कलीतच राहिल्या. बर्कलीत सायक्लोट्रॉन (कणांना गरगर फिरवून वेग देणारं यंत्र) होता, लॉरेन्स आणि सेग्रे यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ होते, हेही खरंच. पण दाराची गोष्ट मला पटते. असल्या दारांपाशी थबकलेली पावलं मी पाहिली आहेत. आमच्या वेळी एका कॉलेजात मुलींनी पाचनंतर लॅबमध्ये थांबायचं नाही, असा अलिखित दंडक होता. ज्यांचा प्रयोग साडेपाचला रंगात यायचा त्यांनी काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१९४०मध्ये पीएच.डी. १९४२मध्ये ल्यूक युआन या भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न. मग प्रिन्स्टनमध्ये थोडं शिकवलं आणि १९४४पासून कोलंबिया विद्यापीठ. ते पुढे आयुष्यभराचं.

बाईंची ख्याती एका शब्दात सांगायची तर काटेकोर. एक उदाहरण देते, कारण पुढचा सगळा खेळ याच गुणावर आहे. बीटा ऱ्हासात कोणत्या वेगाचे किती इलेक्ट्रॉन निघावेत, हे एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३४मध्ये गणिताने सांगितलं होतं. प्रयोग मात्र जुळत नव्हते. मंद इलेक्ट्रॉन फार निघत. लोक सिद्धान्तात दुरुस्त्या सुचवू लागले. वू बाईंनी सिद्धान्ताऐवजी नमुन्याकडे पाहिलं. किरणोत्सारी पदार्थाचा थर कुठे जाड, कुठे पातळ होता. जाड भागातून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनची दमछाक होऊन ते मंदावत होते. लाटताना पोळी एकीकडे जाड राहिली तर तेवढा भाग कच्चा निघतो, त्यात गव्हाचा काय दोष? त्यांनी कॉपर सल्फेटच्या द्रावणात चक्क डिटर्जंट मिसळून अगदी पातळ, एकसारखा थर पसरवला. फर्मी बरोबर निघाले. हे १९४९चं.

तेराव्या मजल्यावरचा प्रश्न

१९५६चा वसंत. कोलंबियातल्या प्युपिन इमारतीच्या तेराव्या मजल्यावर बाईंची छोटीशी खोली. तिथे त्सुंग-दाओ ली नावाचा तरुण सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ एक कोडं घेऊन आला.

कोडं असं : नव्याने सापडलेले दोन कण, टाऊ आणि थीटा. वजन सारखं, आयुष्य सारखं, सगळंच सारखं. पण एक मोडून त्याचे तीन तुकडे होत, दुसऱ्याचे दोन. आरशाच्या नियमाने पाहता हे एकाच कणाला जमणारं नव्हतं. म्हणजे एक तर हुबेहूब जुळी भावंडं मानायची, नाही तर आरशाचा नियमच क्षीण बलाला लागू नाही म्हणायचं.

ली आणि त्यांचे सहकारी चेन-निंग यांग यांनी बीटा ऱ्हासावरचे जुने प्रयोग चाळून काढले आणि त्यांना एक भलतीच गोष्ट कळली. या नियमाच्या बाजूचाही पुरावा नव्हता! क्षीण बलाच्या बाबतीत तो कुणी तपासलाच नव्हता. शेकडो प्रयोग झाले होते, पण एकाचीही मांडणी अशी नव्हती की डाव्या-उजव्यातला फरक असलाच तर दिसावा. गृहीत धरायचं, पुढे जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मोठमोठे लोक हसत होते. फाइनमन यांनी नियम मोडणार नाही यावर एकास पन्नास डॉलरची पैज लावली होती. पाउली यांनी तर, देव किंचित डावखुरा असेल यावर माझा विश्वास नाही, अशा अर्थाचं लिहिलं.

वू बाईंनी आणि ल्यूक यांनी त्या वर्षी सुट्टी काढली होती. जिनिव्हाची परिषद, तिथून पूर्वेकडे. देश सोडल्याला वीस वर्षं झाल्याचं निमित्त. 'क्वीन एलिझाबेथ' बोटीची तिकिटं हातात होती. बाईंनी आपलं तिकीट रद्द केलं. दुसरं कुणीतरी आधी हा प्रयोग करेल, ही धास्ती. ल्यूक एकटेच गेले.

प्रयोग : गेर आणि प्रार्थनेची रांग

अडचण एकच, पण मोठी. कोबाल्टच्या एका तुकड्यात अब्जावधी भोवरे. कुणाचा अंगठा वर, कुणाचा खाली, कुणाचा आडवा. रंगपंचमीच्या गेरीत (ही आमची रंगांची मिरवणूक) राजवाड्यासमोर उभं राहून लोक कुठल्या बाजूला पिचकारी मारतात हे मोजण्यासारखं. सगळीकडे सारखंच पडणार. कळणार काहीच नाही. आधी सगळ्यांना शाळेच्या प्रार्थनेसारखं एका दिशेला तोंड करून उभं करायला हवं.

चुंबकाने ते होतं, पण उष्णता त्यांना स्थिर राहू देत नाही. म्हणून थंडी हवी, आणि ती अशी की फ्रिजर तिच्यापुढे भट्टी वाटावी : उणे २७३ अंशांच्या आसपास जी निसर्गाची तळरेषा आहे, तिच्यावर अंशाचा सुमारे शंभरावा भाग. कोलंबियात ही सोय नव्हती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत अर्नेस्ट अँब्लर आणि हडसन हे या थंडीतले जाणकार होते; हेवर्ड आणि हॉप्स हे त्यांचे तिथलेच सहकारी. बाई न्यूयॉर्कला शिकवायच्या आणि वॉशिंग्टनला पळायच्या.

ही थंडी आणायची रीत आपल्या माठाशी थोडी मिळतीजुळती आहे. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. इथे पाण्याच्या जागी एका विशिष्ट क्षाराचे स्फटिक असतात. चुंबकाच्या जोराने त्यांतले अतिसूक्ष्म चुंबक रांगेत आणायचे आणि मग तो जोर काढून घ्यायचा. रांग मोडताना लागणारी ऊर्जा ते स्फटिकाच्याच उष्णतेतून उचलतात आणि स्फटिक गारठतो.

तो क्षार म्हणजे सिरियम मॅग्नेशियम नायट्रेट. कोबाल्टच्या पातळ थराभोवती त्याच्या मोठ्या, निर्दोष स्फटिकांचं घर बांधायचं होतं. असे स्फटिक विकत मिळत नव्हते. बाईंनी आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीने ते स्वतः वाढवले. द्रावण, थोडी ऊब आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहणं. ते स्फटिक घेऊन वॉशिंग्टनला निघाल्या त्या दिवशी आपल्याइतकं आनंदी कुणी नव्हतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. आणि तिकडे त्या थंडीत गोंदाने दगा दिला. स्फटिकांचं घर कोसळलं. मग ते नायलॉनच्या दोऱ्याने बांधलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगांपैकी एक दोऱ्यावर तगला होता, हे माझं आवडतं वाक्य आहे. वर्गात दरवर्षी म्हणायचे.

थराच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवर इलेक्ट्रॉन मोजणारा छोटा स्फटिक. इलेक्ट्रॉन आदळला की तो चमकतो. चुंबकाची वेटोळ्याची तार बाहेर. तारेतली वीज एका दिशेने फिरवली की भोवऱ्यांचे अंगठे वर. उलट फिरवली की खाली. आणि इथे चतुराई पाहा : वीज उलट फिरवली की सगळं उपकरण म्हणजे आधीच्या उपकरणाची आरशातली प्रतिमाच होतं! मोजणारा स्फटिक वरच आहे, फक्त फिरण्याची दिशा उलटली. आरशाचा नियम खरा असेल तर दोन्ही वेळा वर तितकेच इलेक्ट्रॉन यायला हवेत.

आले नाहीत. अंगठे वर असताना नेहमीपेक्षा सुमारे २० टक्के कमी, खाली असताना तितकेच जास्त. म्हणजे इलेक्ट्रॉनना अंगठ्याच्या विरुद्ध दिशा आवडते. सहा-सात मिनिटांत नमुना तापायचा, रांग मोडायची आणि दोन्ही आकडे पुन्हा एक व्हायचे. फरक उपकरणाचा नसून रांगेचाच आहे, हे त्यावरूनच दिसत होतं. तरी बाईंचं समाधान होईना. स्फटिकातच कुठे चुंबकत्व उरलं असेल तर? हे तपासा, ते तपासा. ९ जानेवारी १९५७च्या पहाटे दोन वाजता तपासण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा हडसन यांनी खणातून वाइनची बाटली काढली आणि सगळे कागदी पेल्यांतून प्याले.

आरशातलं जग अशक्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. जलेबी उलटी पाडता येते. कोबाल्ट-६०ला उलटं वागायला लावता येत नाही.

"पण मग मला आरशात काही चुकीचं का दिसत नाही?"

कारण आपण जे पाहतो, शिवतो, खातो, त्यात बहुतेक सगळं काम विजेच्या आणि गुरुत्वाच्या बलांचं आहे आणि ती बलं आरशाचा नियम पाळतात. मोडतं ते क्षीण बल, आणि तेही केंद्रकाच्या आत, आपल्या डोळ्यांआड.

"कळलं. पण उपयोग काय?"

हा प्रश्न मुलीच्या बाबांचा. इंदूरच्या माणसाला भाव विचारल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा राग आला नाही.

एक गंमत सांगते. समजा, दूरच्या ग्रहावरच्या कुणाशी फोनवर बोलताय. चित्र पाठवता येत नाही, दोघांना दिसेल असा एकही तारा नाही. त्याला 'डावं' म्हणजे काय ते सांगा. "राजवाड्याकडे तोंड कर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या..." चालणार नाही, राजवाडा त्याने पाहिलेलाच नाही. "हृदय असतं ती बाजू." त्याचं हृदय कुठे आहे कुणाला ठाऊक! १९५७च्या आधी हे सांगायची सोयच नव्हती. आता आहे : "कोबाल्ट-६० गार कर. जास्त इलेक्ट्रॉन जिकडे जातात ती बाजू खाली धर. वरून पाहिलंस तर केंद्रक ज्या दिशेने फिरेल, ती आमच्या घड्याळाची उलट दिशा." घड्याळाची दिशा कळली की डावं-उजवं कळलंच.

यालाही एक फट आहे. तो माणूस प्रतिद्रव्याचा असेल, म्हणजे आपल्या पदार्थाच्या उलट विद्युतभाराच्या कणांचा, तर त्याला नेमकं उलटं उत्तर मिळेल. काही वर्षं शास्त्रज्ञांनी यातच समाधान मानलं : आरसा आणि प्रतिद्रव्य दोन्ही एकदम बदललं की नियम शाबूत. १९६४मध्ये क्रोनिन आणि फिच यांनी दाखवलं की हाही नियम क्वचित, किंचित मोडतो. आणि विश्वात द्रव्य का उरलं, प्रतिद्रव्याशी भिडून सगळं का संपलं नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधणारे आजही याच फटीतून वाकून पाहतात. म्हणजे 'आपण मुळात का आहोत' इतपत उपयोग आहे, असं बाबांना सांगितलं. ते "हो का" म्हणाले आणि पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत राहिले.

जवळचंही सांगायचं तर, वू बाईंच्या प्रयोगाच्याच धाग्यावरून १९५७मध्येच आपल्या केरळच्या जॉर्ज सुदर्शन यांनी मार्शक यांच्याबरोबर क्षीण बलाचं नेमकं रूप मांडलं. बाईंनी पुढे सिकल सेलच्या आजारात रक्तातल्या हिमोग्लोबिनचं काय होतं, याचाही अभ्यास केला. झाबुआ-अलीराजपूरकडच्या घरांना तो आजार सांगावा लागत नाही.

"नोबेल कुणाला मिळालं?"

१९५७चं नोबेल, त्याच वर्षी : ली आणि यांग. बाईंना नाही. त्या वर्षीही नाही, पुढेही कधी नाही.

बाजू मांडणारे म्हणतात, नियमात बसत नव्हतं. नावं ३१ जानेवारीपर्यंत सुचवायची असतात; बाईंचा शोधनिबंध १५ फेब्रुवारीला छापून आला. एक बक्षीस तिघांहून अधिक जणांना देत नाहीत, आणि हा प्रयोग पाच जणांचा होता. थंडीचं कसब वॉशिंग्टनच्या मंडळींचं. शिवाय बाईंचा निकाल कानावर येताच कोलंबियातल्याच गार्विन, लेडरमन आणि वाइनरिच यांनी दुसऱ्या पद्धतीने काही दिवसांत तेच दाखवलं होतं.

हे सगळं खरं आहे, आणि तरी मला पुरेसं वाटत नाही. १९५८ उजाडलं, ५९ उजाडलं. दार दरवर्षी उघडत होतं. १९५७च्या तीन जागांपैकीही एक रिकामीच राहिली होती. कोणता प्रयोग करायचा, कोबाल्टच का, हे ठरवणारी आणि तिकीट फाडणारी व्यक्ती कोण, याबद्दल वाद नव्हता. १९७८मध्ये वुल्फ पारितोषिक सुरू झालं तेव्हा भौतिकशास्त्राचं पहिलंच त्यांना दिलं गेलं. १९७५मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आणि त्याच १९७५मध्ये, म्हणजे कोलंबियात तीस वर्षं काढल्यावर, त्यांचा पगार पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीला आणला गेला. नोबेलपेक्षा मला ही पगाराची ओळ जास्त टोचते.

२०२२चं नोबेल क्वांटम गुंतागुंतीसाठी दिलं गेलं, तेव्हा जाणकारांना त्यांची पुन्हा आठवण झाली. एकमेकांशी जोडलेल्या प्रकाशकणांवरचा असा एक सुरुवातीचा प्रयोग बाईंनी शॅकनोव यांच्याबरोबर केला होता. तो १९५०च्या जानेवारीत छापून आला.

"बॉम्बचं काय?"

हा प्रश्न मुलीचा, आणि तो टाळणं बरं नव्हतं. होय, १९४४पासून वू बाई मॅनहटन प्रकल्पात, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या कामात होत्या. त्या सप्टेंबरात हॅनफर्डची मोठी अणुभट्टी सुरू झाली आणि काही तासांत आपोआप विझू लागली. संशय झेनॉनवर गेला : भट्टीत तयार होणारा हा वायू न्यूट्रॉन गिळून टाकत असावा. झेनॉनवर बर्कलीत काम केलं होतं वूंनी. त्यांना विचारा, असा निरोप गेला. त्यांचे आकडे जुळले, भट्टीत इंधन वाढवलं गेलं. नागासाकीवरच्या बॉम्बचं प्लुटोनियम हॅनफर्डचंच. त्या वेळी जपानी फौजा त्यांच्या आईवडिलांच्या मुलखात होत्या. याचा ताळेबंद मला मांडता येत नाही; मुलीलाही मांडून दिला नाही.

१९३६ साली बोटीवर चढताना पाहिलेले आईवडील त्यांना पुन्हा भेटले नाहीत. आधी युद्ध, मग दोन देशांचं वैर. वडील १९५९मध्ये गेले, आई १९६२मध्ये. १९७३मध्ये चीनला जाता आलं तेव्हा सांस्कृतिक क्रांतीत त्यांच्या कबरीही उद्ध्वस्त झाल्या होत्या. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी स्वतः दिलगिरी व्यक्त केली. १६ फेब्रुवारी १९९७ रोजी बाई न्यूयॉर्कमध्ये गेल्या. अस्थी वडिलांनी काढलेल्या शाळेच्या अंगणात आहेत.

चार्टवरची रिकामी जागा

दुसऱ्या रविवारी चार्टच्या खालच्या कोपऱ्यात जागा उरली होती. मी एक नाव सुचवलं, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. जन्म आपल्या इंदूरचा, १९११. वू बाईंपेक्षा एका वर्षाने मोठ्या. १९३३ साली मुंबईहून पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : वर्षभर उमेदवारी, काम पसंत पडलं तरच मान्यता. वर्षानंतर रामन यांचं मत बदललं आणि तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९मध्ये केम्ब्रिजची पीएच.डी. मिळवली.

मुलीने कॅलेंडरकडे पाहिलं. "पण काकू, विज्ञान दिन तर रामन यांच्याच शोधाचा ना?"

"त्यांच्याच."

तिने कमलाबाईंचा फोटो रामन यांच्या शेजारी चिकटवला, जरा मोठा.

चार्ट शाळेत गेला. पण तिच्या डोक्यात स्फटिक राहिले होते. किराण्याच्या दुकानातून पाव किलो तुरटी आणली, गरम पाण्यात विरघळवली, स्टीलच्या पेल्यात दोऱ्याला एक बारीक खडा बांधून सोडला. नायलॉनचाच दोरा हवा म्हणाली. पतंगाचा चालला नाही. पेला आमच्या स्वयंपाकघरात आहे, कारण त्यांच्याकडे ओट्यावर सारखी हलवाहलव होते. परवा मोजला, दीड सेंटिमीटर. एका बाजूला कोपरा तुटका आहे, तिला तो आवडलेला नाही. पुन्हा विरघळवून नव्याने लावला आहे.